जुन्या लष्करी विमानांतले रेडिओ: वायरिंग आणि पुनरुज्जीवन (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचे रेडिओ सेट आजही माळ्यावर, भंगारात आणि परदेशी लिलावांत सापडतात. असा सेट हाती आला की बहुतेकांच्या मनात तेच ते प्रश्न येतात, आणि पहिला असतो, "चालू कसा करू?" इथली बहुतेक उत्तरे अमेरिकी लष्कराच्या एससीआर-२७४-एन या 'कमांड सेट'ला धरून आहेत, कारण हाच सेट सर्वांत जास्त सापडतो आणि शिकायलाही उत्तम आहे. ब्रिटिश आर-११५५ आणि टी-११५४ यांच्याविषयी वेगळा प्रश्न पुढे घेतला आहे.

कमांड सेट म्हणजे नेमके काय?

न्यू जर्सीतल्या बूंटन गावच्या एअरक्राफ्ट रेडिओ कॉर्पोरेशनने हा सेट घडवला. नौदलाच्या आवृत्तीचे नाव एआरए/एटीए, लष्कराच्या आवृत्तीचे एससीआर-२७४-एन, आणि नौदलाची पुढची सुधारित आवृत्ती एआरसी-५. बी-१७ आणि बी-२४ सारख्या बॉम्बर विमानांत तो वैमानिकाच्या जवळपासच्या संपर्कासाठी असे. लांबच्या संपर्काला वेगळा, मोठा सेट असायचा.

एकच मोठा रेडिओ न करता फ्रिक्वेन्सीच्या प्रत्येक पट्ट्याला स्वतंत्र लहान डबा केलेला आहे. रिसीव्हरमध्ये बीसी-४५३ (१९० ते ५५० किलोहर्ट्झ), बीसी-९४६ (५२० ते १५०० किलोहर्ट्झ), बीसी-४५४ (३ ते ६ मेगाहर्ट्झ) आणि बीसी-४५५ (६ ते ९.१ मेगाहर्ट्झ) असे प्रकार. ट्रान्समीटरमध्ये बीसी-६९६ (३ ते ४), बीसी-४५७ (४ ते ५.३), बीसी-४५८ (५.३ ते ७) आणि बीसी-४५९ (७ ते ९.१ मेगाहर्ट्झ). डबे रॅकमध्ये शेजारी शेजारी बसत आणि वैमानिकाजवळच्या कंट्रोल बॉक्समधून लवचीक शाफ्टने दूरवरच्या रिसीव्हरची डायल फिरे. ट्रान्समीटरची फ्रिक्वेन्सी मात्र जमिनीवरच लावून ठेवत.

एक डबा उघडून पाहिला तरी या मांडणीची शिस्त कळते. प्रत्येक कॉइल, प्रत्येक कंडेन्सर मोजून जागेवर आहे. मला आजवर हाताळलेल्या व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरआधीच्या निर्वात नळ्यांच्या) सेटांमध्ये इतका नेटका दुसरा दिसलेला नाही.

भारतात हे सेट आले कुठून?

युद्धकाळात अमेरिकी हवाई दल आसाम-बंगालमध्ये होते आणि चीनला रसद नेणारी विमाने तिथूनच हिमालय ओलांडत. युद्ध संपल्यावर कानपूरला टाकून दिलेल्या बी-२४ लिबरेटर विमानांतली काही बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने दुरुस्त केली आणि भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. शिवाय युद्धानंतर विल्हेवाटीत निघालेले सामान देशभरच्या जुन्या बाजारांत पोचले. आज मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पूर्ण सेट मिळणे दुर्मीळ आहे. एखादा सुटा रिसीव्हर, एखादा डायनामोटर (उच्च व्होल्टेज बनवणारे फिरते यंत्र) किंवा व्हॉल्व्हची खोकी मात्र मिळून जातात. बाकी सामान परदेशातून मागवावे लागते.

सेट हाती आला. पहिल्यांदा काय करू?

वीज देऊ नका. शंभर वेळा विचारले तरी पहिले उत्तर हेच.

कॅमेरा काढा. वरून, खालून, चारही बाजूंनी फोटो घ्या, मग झाकण काढून प्रत्येक कोपऱ्याचे जवळून फोटो घ्या. नावाची पट्टी, कंत्राटाचा क्रमांक, तपासनिसाचे शिक्के, पेन्सिलने लिहिलेले आकडे, कुठे गोल शिक्क्यात 'एमएफपी' ही अक्षरे आणि तारीख, सगळे टिपा. एमएफपी म्हणजे ओलावा आणि बुरशीपासून बचावाचा वार्निश मारल्याची खूण. बर्मा आणि न्यू गिनीच्या जंगलांत बुरशीने सेट बंद पडू लागल्यावर ही प्रक्रिया सर्रास सुरू झाली. त्या शिक्क्यावरून तुमचा सेट कुठल्या काळात कार्यशाळेतून गेला हे कळते, आणि एकदा पुसला गेला की ती माहिती कायमची गेली.

धूळ मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा. पाण्याचा फवारा, पेट्रोल, थिनर यांपैकी काहीही नको. शिक्क्यांची शाई आणि डायलवरचे आकडे थिनरने क्षणात निघून जातात.

माझ्या सेटमध्ये पूर्वी कोणीतरी फेरफार केले आहेत. ते काढून मूळ रूप आणावे का?

युद्धानंतर अमेरिकेत हे सेट अगदी थोड्या डॉलरना विकले जात होते. हॅम (हौशी रेडिओ चालवणाऱ्या) मंडळींनी ते मोठ्या संख्येने घेतले, आणि मासिकांनी त्यांचे रूपांतर कसे करायचे याचे लेख वर्षानुवर्षे छापले. ठरलेला नमुना असा: मागचा डायनामोटर काढायचा, त्या जागी ट्रान्सफॉर्मर बसवायचा, हीटरची (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेची) जोडणी बदलायची, पुढच्या पत्र्याला भोक पाडून आवाजाचे बटण लावायचे. बीसी-४५३ ला त्यांनी फारच मान दिला, कारण त्याची आयएफ (ज्या ठरावीक फ्रिक्वेन्सीत प्रत्येक स्टेशन आत बदलले जाते ती) केवळ ८५ किलोहर्ट्झ आहे आणि त्यामुळे तो शेजारची स्टेशने धारदारपणे वेगळी करतो. ४५५ किलोहर्ट्झ आयएफच्या घरगुती रिसीव्हरमागे तो जोडला की गर्दीतला मॉर्स एकदम सुटा ऐकू येई.

त्या काळी ते बरोबरच होते. सेट मुबलक होते, पैसे कमी होते, आणि त्या रूपांतरांवर एक अख्खी पिढी रेडिओ शिकली. आज अस्पर्शित सेट कमी उरले आहेत, म्हणून माझे मत स्पष्ट आहे: न बदललेला सेट कापू नका, एकही भोक पाडू नका. आधीच बदललेला असेल तर बदल किती नीट आहेत ते पाहा. १९५० च्या दशकात कोणी काळजीपूर्वक केलेले रूपांतर हाही त्या सेटचा इतिहास आहे आणि तो तसाच जपायला हरकत नाही. ओबडधोबड काम असेल, तारा जळल्या असतील, तर मूळ आकृती समोर ठेवून परत आणा. दोन्ही बाबतींत आधी फोटो, मग पकड.

कोणत्या तारा ठेवाव्या आणि कोणत्या बदलाव्या?

जमेल तितक्या ठेवाव्या. मूळ तारांचा मार्ग, रंग आणि बांधणी हाच त्या सेटचा पुरावा असतो. आतले भाग बदलले तरी हार्नेस (तारांचा बांधलेला जुडगा) शाबूत असेल तर पुढच्या माणसाला कारखान्यातून सेट कसा निघाला ते कळते.

अमेरिकी कमांड सेटमधल्या लाखेच्या विणीच्या तारा बहुधा चांगल्या अवस्थेत असतात. विणीवर धूळ बसून काळपटपणा आला तरी आत काही बिघडलेले नसते. ब्रिटिश सेटमधले रबर ही खरी डोकेदुखी आहे. काळाच्या ओघात ते कडक होते, तडकते आणि तार जरा वाकवली की तुकडे पडून आतले तांबे उघडे होते. म्हणून तपासताना तारांचा जुडगा हलवू नका. शेवटच्या टोकाजवळची एकच तार, टोकापासून दोन बोटांवर, हलकेच वाकवून पाहा. ती टिकली तर पुढची.

इन्सुलेशन मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्रावर) तपासायचे असेल तर २५० व्होल्टचा मेगर घ्या आणि आधी व्हॉल्व्ह काढा, कंडेन्सर सुटे करा. नाहीतर तुम्ही तारेऐवजी ८० वर्षांचा कागदी कंडेन्सर मोजत राहाल आणि चांगल्या तारा उगाच उपटाल.

बदलायची वेळ आलीच तर एका वेळी एकच तार. जुनी सोडवा, तेवढीच लांब नवी कापा, त्याच वाटेने न्या, त्याच टोकांवर लावा, मग पुढची. सगळ्या तारा एकदम कापून आकृतीवरून नव्याने जोडण्याचा मोह होतो, पण तो आवरा. उच्च फ्रिक्वेन्सीच्या भागात तार कुठून जाते यावर सेट स्थिर राहणार की शिट्ट्या मारणार हे ठरते, आणि आकृतीत तो मार्ग दिसत नाही.

नवी तार टिन चढवलेल्या तांब्याची, टेफ्लॉन इन्सुलेशनची आणि वर सुती विणीची घ्या. दिसायला जुनी, टिकायला नवी. मूळ टोकांभोवती तार यांत्रिकरीत्या घट्ट गुंडाळलेली असते आणि सोल्डर त्यावर असतो, तसेच करा. जुना सोल्डर पूर्ण ओढून काढा. कथील-शिशाचा ६०/४० सोल्डर आणि रोझिन फ्लक्स वापरा, आम्लाचा फ्लक्स कधीही नको.

तारांचा जुडगा कसा बांधायचा? प्लास्टिकच्या टायने चालेल का?

प्लास्टिकच्या टायने काम भागते, पण तो सेट पुनरुज्जीवित झाला असे मी म्हणणार नाही. त्या काळी मेण लावलेल्या तागाच्या दोऱ्याने बांधणी होई. आजही मेणाचा दोरा चांभारकामाच्या दुकानात मिळतो. फक्त मेण खूप जाड नसेल असे पाहा.

मोठा हार्नेस नव्याने करायचा असेल तर लाकडी फळीवर पूर्ण मापाचा आराखडा काढा, वळणावळणाला खिळे ठोका आणि तारा त्यांच्या मधून ताणून घ्या. कारखान्यांतही असेच होई. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांक लावा. सगळ्या तारा मांडून, प्रत्येकीची सलगता मल्टिमीटरने तपासून मगच दोरा हातात घ्या. जिथून फाटा फुटतो तिथे आधी आणि नंतर गाठ हवी. दोरा ताणून बांधा पण इन्सुलेशनमध्ये रुतू देऊ नका.

टेबलावर सेट जोडताना तारा किती जाडीच्या घ्याव्या?

विमानात ऋण बाजूला वेगळी तार नसते. विमानाचा सांगाडाच परतीचा मार्ग असतो. टेबलावर तो सांगाडा नसल्यामुळे रॅक, डबे आणि वीजपुरवठा यांना जोडणारी जाड तांब्याची विणलेली पट्टी घाला. हे विसरल्याने आवाजात गुणगुण येते, आणि माणसे कंडेन्सर बदलत बसतात.

जाडीचा हिशेब सोपा आहे. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे १२ मिलिओहम असतो. पुरवठा तीन मीटरवर असेल तर येण्याजाण्याचे सहा मीटर, म्हणजे ०.०७ ओहम. रिसीव्हर साधारण दीड अँपिअर घेतो, तेव्हा पडणारे व्होल्टेज नगण्य. ट्रान्समीटरचा डायनामोटर सुरू होताना मात्र क्षणभर कितीतरी पट प्रवाह ओढतो. त्याला चार चौरस मिलिमीटर किंवा त्याहून जाड तार द्या आणि लांबी कमी ठेवा. पुरवठ्याच्या टोकालाच फ्यूज हवा.

सेटवर २८ व्होल्ट लिहिले आहे. पण व्हॉल्व्ह तर १२ व्होल्टचे आहेत?

बरोबर पाहिलेत. रिसीव्हरमध्ये सहा व्हॉल्व्ह असतात: १२एसके७, १२के८, १२एसआर७, १२ए६ या जातीचे. प्रत्येकाचा हीटर १२.६ व्होल्टचा आणि ०.१५ अँपिअरचा. दोन-दोन हीटर ओळीत लावून २५.२ व्होल्टची जोडी होते आणि अशा तीन जोड्या समांतर, म्हणजे एकूण ०.४५ अँपिअर. उडत्या विमानात मुख्य तारांवर सुमारे २८ व्होल्ट असत, त्यामुळे हीटर थोडे वरच्या बाजूला चालत. घरी २५ ते २६ व्होल्ट द्या. व्हॉल्व्ह जास्त टिकतात आणि सेटच्या कामात फरक पडत नाही.

ओळीतल्या जोडणीमुळे एक व्हॉल्व्ह काढला की त्याचा जोडीदारही विझतो. शोध घेताना हे लक्षात ठेवा. दोन व्हॉल्व्ह एकदम थंड पडले तर बिघाड बहुधा एकाच हीटरमध्ये असतो.

ट्रान्समीटरमध्ये दोन १६२५ शक्तिवर्धनाला, एक १६२६ ऑसिलेटरला आणि एक १६२९ हा डोळ्यासारखा हिरवा दर्शक. १६२६ ला ०.२५ अँपिअर लागतो, १६२९ ला ०.१५. हे दोघे ओळीत असल्याने वरचा ०.१ अँपिअर वळवण्यासाठी १६२९ ला समांतर १२६ ओहमचा रेझिस्टन्स दिलेला आहे. हा विचित्र आकड्याचा रेझिस्टन्स कशासाठी ते न कळून काही जण तो काढून टाकतात. मग १६२९ चा हीटर आणि १६२६ चा हीटर दोघेही चुकीच्या व्होल्टेजवर चालतात.

२४ व्होल्टचा एसएमपीएस (स्विचिंग वीजपुरवठा) वापरला तर चालेल?

ट्रान्समीटरच्या हीटरला चालेल. रिसीव्हरला, विशेषतः बीसी-४५३ ला, नको. स्वस्त एसएमपीएसचा गोंगाट नेमका १९० ते ५५० किलोहर्ट्झमध्ये पडतो आणि सेट बिघडला आहे असे वाटते. साधा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि मोठा फिल्टर कंडेन्सर असा रेखीय पुरवठा करा. त्याहून शांत हवे असेल तर १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीत लावा. पूर्ण भरलेल्या दोन बॅटऱ्यांचे व्होल्टेज हीटरच्या २५.२ ला जवळजवळ तंतोतंत जुळते.

डायनामोटर चालवावा की बाजूला ठेवावा?

डायनामोटर म्हणजे एकाच आर्मेचरवर मोटर आणि जनित्र. रिसीव्हरचा डीएम-३२ हा २८ व्होल्टवर फिरून सुमारे २५० व्होल्ट देतो. ट्रान्समीटरचा डीएम-३३ साडेपाचशेच्या आसपास देतो.

चालवावा असे मला मनापासून वाटते, निदान अधूनमधून. डायनामोटरचा सूर चढत जाणे आणि मग हेडफोनमध्ये स्टेशन उमटणे, याशिवाय त्या सेटची ओळख पुरी होत नाही. पण आधी तो उघडा. बेअरिंगमधला ग्रीस सुकून खळीसारखा झालेला असतो. तो रॉकेलने धुऊन, पूर्ण वाळवून, हलका नवा ग्रीस थोडाच भरा. कम्युटेटर बारीक काचकागदाने साफ करा. एमरी कागद नको, त्याची भुकटी वीज वाहते आणि पट्ट्यांच्या खाचांत बसते. खाचा लाकडी काडीने कोरून काढा. ब्रश काढताना कोणता कुठला आणि कोणत्या दिशेने बसला होता ते लिहून ठेवा, कारण ब्रश त्या त्या वक्रतेत घासून बसलेले असतात. पहिल्यांदा भाराविना, कमी व्होल्टेजवर फिरवा आणि हात लावून गरम होतो का पाहा.

रोजच्या ऐकण्यासाठी डायनामोटर काढून त्याच्या जागेवर, त्याच तीन पिनांवर बसेल असा पुरवठा बनवा. सेटला एकही भोक लागत नाही आणि पाच मिनिटांत डायनामोटर परत बसवता येतो. या पुरवठ्यात वेगळ्या वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर हवाच. घरच्या २३० व्होल्टवरून थेट रेक्टिफाय करून २५० मिळवण्याची शक्कल जीवघेणी आहे: अख्खा डबा मेन्सला जोडला जातो.

कोणते कंडेन्सर आणि रेझिस्टन्स बदलावे?

कागदी कंडेन्सर संशयित समजा. कमांड रिसीव्हरमध्ये एकाच धातूच्या डबीत दोन-तीन भाग असलेले कंडेन्सर आहेत. त्यांची गळती सुरू झाली की व्हॉल्व्हच्या स्क्रीनचे (आतल्या एका जाळीचे) व्होल्टेज उतरते, त्याच्या मार्गातला रेझिस्टन्स तापतो आणि सेट बहिरा होतो. डबी फेकू नका. ती हलकी गरम करून आतला भाग बाहेर काढा, त्याच मूल्याचे पण जास्त व्होल्टेजचे फिल्म कंडेन्सर आत बसवा आणि मेणाने बंद करा. बाहेरून काही बदललेले दिसत नाही. जुन्या तेलाच्या कंडेन्सरमध्ये विषारी पीसीबी असू शकते, म्हणून तेल झिरपत असेल तर हातमोजे घाला आणि ती डबी गरम करू नका.

अभ्रकाचे कंडेन्सर सहसा ठीक असतात, मोजल्याशिवाय हात लावू नका. कार्बनचे रेझिस्टन्स काळाबरोबर वर सरकतात. सर्किटपासून एक टोक सोडवून मोजा. मुळातच २० टक्क्यांपर्यंत फरक चालत असे, तेव्हा १०० किलोओहमचा ११५ निघाला म्हणून लगेच काढू नका. १४० निघाला तर बदला.

पहिल्यांदा वीज कशी द्यावी?

आपल्याकडच्या प्रत्येक रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे असतो तो सिरीज लॅम्प इथेही उत्तम काम देतो. मेन्सच्या बाजूला ४० किंवा ६० वॉटचा साधा तारेचा बल्ब ओळीत लावा. बल्ब लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

आधी फक्त हीटर. सहाही व्हॉल्व्ह कोमट झाले का ते बघा. धातूच्या कवचाचे असल्याने प्रकाश दिसणार नाही, हात लावूनच कळते. मग उच्च व्होल्टेज, तेही ५० पासून हळूहळू वर, मार्गात मिलिअँपिअर मीटर ठेवून. प्रवाह व्होल्टेजच्या प्रमाणात न वाढता एकदम उसळला तर थांबा. एक हात खिशात ठेवण्याची जुनी शिकवण पाळा, आणि बंद केल्यावर फिल्टर कंडेन्सर रेझिस्टन्समधून रिकामे करा. ट्रान्समीटरच्या साडेपाचशे व्होल्टशी एकट्याने काम करू नका.

रिसीव्हर चालू झाला पण स्टेशने क्षीण येतात. ट्रिमर (जुळणीचे लहान स्क्रू) फिरवू का?

एवढ्यात नको. कारखान्याची जुळणी आश्चर्य वाटावे इतकी टिकून राहते. आधी अँटेना, गेनचे नियंत्रण (ते कंट्रोल बॉक्समध्ये असते, सुटा रिसीव्हर असेल तर तुम्हालाच पोटेन्शिओमीटर लावावा लागतो), व्हॉल्व्ह आणि व्होल्टेज तपासा. हेडफोनचा रोधही जुळायला हवा. आजचे ३२ ओहमचे हेडफोन थेट लावले तर आवाज मेल्यासारखा येतो. मध्ये जुळवणी ट्रान्सफॉर्मर घाला.

तरीही गरज पडली तर सिग्नल जनरेटरने आयएफपासून सुरुवात करा: बीसी-४५३ ला ८५, बीसी-९४६ ला २३९, बीसी-४५४ ला १४१५ आणि बीसी-४५५ ला २८३० किलोहर्ट्झ. बीसी-४५३ च्या आयएफ डब्यांवरच्या टोप्या काढल्या की आत सरकणाऱ्या कांड्या दिसतील. त्या वर ओढल्या की पट्टा अरुंद होतो. मॉर्ससाठी वर, बोलण्यासाठी खाली.

महाराष्ट्रात बसून यावर ऐकू काय येईल?

बीसी-९४६ वर आकाशवाणी. पुण्याचे ७९२ किलोहर्ट्झ, मुंबईचे १०४४. बीसी-४५३ वर विमानतळांचे दिशादर्शक बीकन, जिथे ते अजून चालू आहेत तिथे, मॉर्समध्ये आपली अक्षरे पाठवत राहतात. नेमक्या याच कामासाठी तो रिसीव्हर बनला होता. बीसी-४५५ सर्वांत जिवंत: संध्याकाळी ७ मेगाहर्ट्झवर देशभरचे हॅम सापडतात. त्यांचे एसएसबी (हॅमची बोलण्याची नेहमीची प्रसारणपद्धत) ऐकायला बीएफओ (रिसीव्हरमधला मदतीचा ऑसिलेटर) चालू करा आणि डायल अगदी सावकाश फिरवा.

आर-११५५ आणि टी-११५४ यांच्यात वेगळे काय?

लँकेस्टर, हॅलिफॅक्स, वेलिंग्टन या ब्रिटिश बॉम्बरांत वायरलेस ऑपरेटरसमोर ही मार्कोनीची जोडी असे. आर-११५५ हा ७५ किलोहर्ट्झ ते १८.५ मेगाहर्ट्झ पाच पट्ट्यांत ऐकतो, दिशा शोधण्याचे सर्किटही त्यातच आहे. टी-११५४ ची निळी, लाल आणि पिवळी बटणे लांबूनच ओळखू येतात. अंधारात, हातमोजे घालून, थंडीत योग्य पट्टा सापडावा म्हणून ते रंग आणि आकार.

आर-११५५ चे हीटर ६.३ व्होल्टचे आणि समांतर आहेत. त्याच्या वायरिंगमधला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा: उच्च व्होल्टेजची ऋण बाजू चॅसिसला (सेटच्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेली नाही. ती चॅसिसपेक्षा कमी व्होल्टेजवर राहते आणि त्या फरकातूनच व्हॉल्व्हना बायस (जाळीला लागणारे ऋण व्होल्टेज) मिळतो. सवयीने ऋण टोक चॅसिसला लावले की बायस नाहीसा होतो. पुरवठा बांधताना त्याची दोन्ही टोके अधांतरी ठेवा.

टी-११५४ ला १२०० व्होल्ट लागतात. व्हॉल्व्हच्या कामाचा भरपूर अनुभव नसेल तर तो स्वच्छ करून, तारा नीट करून, वीज न देता मांडून ठेवा. त्यात काहीही कमीपणा नाही.

सेटवर ११५ व्होल्ट ४०० सायकल लिहिले आहे. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालेल?

नाही. युद्धानंतरच्या अनेक सेटांना ४०० हर्ट्झची वीज लागते. फ्रिक्वेन्सी जास्त असली की ट्रान्सफॉर्मरचा गाभा लहान पुरतो, आणि विमानात वजन वाचवायचे असते. तोच ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर लावला तर गाभ्यातला चुंबकीय प्रवाह आठपट व्हायला पाहतो, गाभा संपृक्त होतो आणि वाइंडिंग जळते. ४०० हर्ट्झचा इन्व्हर्टर मिळवा, किंवा तो ट्रान्सफॉर्मर न काढता दुय्यम बाजूची व्होल्टेज बाहेरून द्या.

रेडियमचा रंग असेल तर?

काही मीटर आणि स्विचांच्या खुणांवर रेडियम असते. आता अंधारात चमकत नाही म्हणजे धोका संपला असे नाही: चमकणारा पदार्थ थकला आहे, रेडियम मात्र जवळपास तसेच आहे, त्याचे अर्धायुष्य १६०० वर्षे. रंग खरवडू नका, फुंकर मारू नका, मीटरची काच उघडू नका. भुकटी श्वासातून जाणे हाच मुख्य धोका आहे. तसेच पिवळसर झाक असलेला कॅडमियमचा मुलामा पॉलिश पेपरने घासू नका, आणि एमएफपी वार्निशवर सोल्डरिंग करताना खिडकी उघडी ठेवा. त्यात पाऱ्याची संयुगे असू शकतात.

व्हॉल्व्ह मिळतात का?

मिळतात. १२एसके७ म्हणजे वेगळ्या हीटरचा ६एसके७, आणि १६२५ म्हणजे १२.६ व्होल्टचा, वेगळ्या बैठकीचा ८०७. अडले तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या जुन्या दुकानदारांना विचारून पाहा. टेस्टरवर कमजोर दाखवणारा व्हॉल्व्ह लगेच टाकू नका, सेटमध्ये तो अनेकदा छान चालतो. आधी त्याच्या पिना साफ करा.

ट्रान्समीटर चालवायला परवाना लागतो का?

हो. हौशी रेडिओचा परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेऊन देते. परवाना असला तरी बीसी-४५७ आणि बीसी-४५८ यांच्या पट्ट्यांचा बहुतेक भाग हौशींसाठी नाही. बीसी-४५९ मात्र ७ मेगाहर्ट्झच्या हौशी पट्ट्यात वापरता येतो. चाचण्या नेहमी डमी लोडवर (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणाऱ्या रेझिस्टन्सवर) करा आणि हवेत जाण्यापूर्वी दुसऱ्या रिसीव्हरवर सूर स्थिर आहे का ते ऐका.

असा सेट उडत्या विमानात परत बसवता येईल का?

दिसण्यासाठी, हो. संपर्कासाठी, नाही. आजचे हवाई वाहतूक नियंत्रण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर, अरुंद चॅनेलांत चालते. कमांड सेटचा पट्टाच तो नव्हे. चार क्रिस्टल चॅनेलांचा एससीआर-५२२ हा १०० ते १५६ मेगाहर्ट्झवर चालत असे, पण आजच्या चॅनेलांची अचूकता त्याच्याकडे नाही. उडणाऱ्या जुन्या विमानांत मूळ सेट जागेवर मांडतात आणि प्रमाणित आधुनिक रेडिओ वेगळा बसवतात. जुनी विमाने जवळून पाहायची असतील तर गोव्यात बोगमाळोजवळचे नौदलाचे हवाई संग्रहालय आणि दिल्लीला पालमचे हवाई दलाचे संग्रहालय जरूर पाहा. पालमला लिबरेटर आहे. त्याच्या पोटाशी उभे राहिल्यावर हे डबे एवढे लहान का केले ते समजते.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात सेट कसे जपावे?

बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत पाणी सुटते. लाकडी कपाटाच्या तळाशी १५ वॉटचा बल्ब सतत जळता ठेवणे हा जुना उपाय अजूनही चांगला आहे. हवाबंद डबाच वापरायचा असेल तर सिलिका जेल घाला आणि ते दर काही आठवड्यांनी तापवून पुन्हा वापरा. जून ते सप्टेंबर या काळात महिन्यातून दोनदा तासभर सेट चालू करा. हीटरच्या उबेने कॉइलमधला ओलावा निघून जातो. हेडफोनच्या कापडी दोऱ्या आणि सुती विण यांवर बुरशी आधी धरते, तिथे लक्ष ठेवा.

दुरुस्तीची नोंद कशी ठेवावी?

एक वही सेटसोबतच ठेवा. कोणता भाग केव्हा बदलला, त्याचे मोजलेले मूल्य काय होते, नव्याचे काय, आणि कोणती तार कुठून कुठे नव्याने घातली, एवढे लिहा. काढलेले मूळ भाग चिठ्ठी लावून कागदी पाकिटात घाला. डब्याच्या आतल्या बाजूला, उष्णतेपासून दूर, लहान चिठ्ठी ठेवा: पुरवठा किती व्होल्टचा, ऋण बाजू चॅसिसला आहे की नाही, आणि वही कुठे आहे. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई ओलाव्यात पसरते.